अमृतरावांचे अकरा दंड

आमच्या गल्लीत सकाळी साडेसातला घड्याळ पाहावं लागत नाही. समोरच्या घरातून अमृतराव मिस्त्री सायकल बाहेर काढतात, पुढच्या चाकाची हवा अंगठ्याने दाबून बघतात, मग मागच्या चाकाची, आणि समोर जो कोणी असेल त्याला म्हणतात, "दंडवत प्रणाम." मी असलो तर मला, दूधवाला असला तर दूधवाल्याला. एकदा गल्लीत कोणीच नव्हतं, तर ते सायकल धरून थांबले होते. भाजीवाली आली, तिला दंडवत झाला, मगच पायडलवर पाय पडला.

आदिलाबादच्या बाहेर, बेल्याच्या रस्त्याला एक जिनिंग आहे. तिथे ते सव्वीस वर्षं फिटर आहेत. कापसातून सरकी वेगळी करणारं मशीन म्हणजे जिन. त्यात एक रोल फिरतो आणि त्याला लागून चाकू असतो. दोघांमध्ये किती फट ठेवायची यावर रुई चांगली निघते की तुटते हे ठरतं. ती फट मोजायला पोलादाच्या पातळ पट्ट्यांचं गेज असतं आणि ते अमृतरावांच्या खिशात असतं. लग्नाला गेले तरी असतं. सोनाबाईंची भाकर त्यांनी एकदा गेजने मोजली होती, असं गल्लीत म्हणतात. सोनाबाई म्हणतात, एकदा नाही, दोनदा.

सोनाबाईंचं माहेर वांकिडीकडचं, महानुभाव पंथाचं. लोक सासरवाडीहून अंगठी आणतात, अमृतराव पंथ घेऊन आले. तीस वर्षांपूर्वी त्यांनी उपदेश घेतला आणि त्या दिवसापासून नियम असा पाळला, जशी रोल आणि चाकूमधली फट. हात जोडायचे ते एका परमेश्वराला. दुसऱ्या देवतेपुढे वाकायचं नाही, तिला दाखवलेला नैवेद्य तोंडात घालायचा नाही. दुसऱ्या कोणाच्या देवाला मात्र ते कधी वावगं बोलले नाहीत. आमच्या घरच्या गणपतीला पाट लागतो तो दरवर्षी तेच रंधा मारून देतात. पाट डुगडुगता कामा नये, म्हणतात. मग पाट ठेवून घरी जातात.

जिनच्या मोठ्या शेठजींना हे सगळं ठाऊक होतं. दिवाळीच्या सुमाराला सीझन सुरू होताना मशीनची पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटतात. त्या दिवशी अमृतराव पहाटे जाऊन मशीन पुसून, तेल देऊन तयार ठेवत. पूजा लागली की फाटकाशी, गाड्या तोलायच्या काट्याजवळ जाऊन चहा पीत. आरती संपली की आत येऊन बटण दाबत. शेठजी मिठाईवाल्याकडून आलेल्या पेढ्यांतला एक डबा पूजेआधीच बाजूला काढून ठेवायचे. त्याला सगळे 'मिस्त्रीचा डबा' म्हणत. याबद्दल कधी कोणी काही लिहिलं नाही, कोणी कोणाकडे अर्ज केला नाही. सव्वीस वर्षं डबा बाजूला निघत राहिला.

मग शेठजी थकले, मुलाकडे हैदराबादला गेले, आणि गेल्या वर्षीची पूजा झाल्यावर जिनवर नवा मॅनेजर आला. करीमनगरचा, वय बत्तीस, नाव वेणुगोपाल. माणूस वाईट नव्हता. त्याने बायकांसाठी वेगळा संडास बांधला, कापसातला कचरा वेचणाऱ्यांना तोंडाला बांधायला मास्क दिले. फक्त त्याला सगळं सारखं लागायचं. हजेरी चेहरा दाखवून, अंगात पिवळा टी-शर्ट, आणि मोबाइलवर सगळ्यांचा एक ग्रुप, त्याचं नाव 'मिल परिवार'. अमृतराव त्याच्यावर खूश होते, कारण त्याला हाक मारली की कृष्णाचं नाव तोंडात येत असे. "दंडवत प्रणाम, वेणुगोपाल सर," असं ते दिवसातून चार वेळा म्हणत. एकदा पुरलं असतं.

पूजेच्या आठ दिवस आधी मॅनेजरने ऑफिसात सांगितलं की यंदा सगळ्यांनी पिवळ्या टी-शर्टात मशीनपुढे नमस्कार करायचा, त्याचा व्हिडिओ मालकांना पाठवायचा. अमृतराव आपलं म्हणणं सांगायला केबिनमध्ये गेले. बोलणं हिंदीत झालं. दोघांचीही हिंदी उसनी, त्यामुळे भांडण फार वाढलं नाही.

"आधा मिनट का काम है, मिस्त्रीजी," मॅनेजर म्हणाला. "मुझे तो आप रोज दंडवत बोलते हैं. मशीन को भी एक बार बोल दो."

"आप आदमी हैं, साहब. आपको बोला तो आप भी बोलेंगे. मशीन थोडी बोलेगी."

हे बोलून झाल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की मॅनेजर आजवर एकदाही उलटून दंडवत म्हणाला नव्हता. त्याने फायलीत डोकं घातलं आणि सांगितलं की नियम म्हणजे नियम. जो नमस्कार करणार नाही त्याचं नाव या सीझनच्या रजिस्टरात चढणार नाही. यवतमाळकडचा एक फिटर फोनवर काम विचारतच होता.

जिनचे कामगार सीझनपुरते असतात. दरवर्षी पूजेनंतर रजिस्टर उघडतं, नाव चढतं आणि मग माणूस कामावर. सव्वीस वर्षं अमृतरावांचं नाव पहिलं चढलं होतं.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले.

"गुरुजी, एक अर्ज लिवून देता का?"

मी लिहायला बसलो. मी वेळेवर हजर राहीन, टी-शर्ट घालीन, पूजेआधी मशीन तयार करून देईन, पूजा चालू असताना कोणाची अडचण होईल असं वागणार नाही. मला नमस्काराची सक्ती करू नये. कामाच्या वेळेत माझ्या हातांवर कंपनीचा हक्क आहे. ते कोणापुढे जोडायचे हा हक्क माझ्याकडे राहू द्यावा. खाली लिहिलं, प्रत माहितीसाठी कामगार कार्यालयाकडे.

"हक्क लिवू नका. विनंती लिवा," अमृतराव म्हणाले.

"विनंतीला नाही म्हणता येतं, अमृतराव."

"मंग दोनी लिवा. आन् ते कामगार कार्यालय खोडा. सव्वीस वर्षाचं घर हाय माह्यं ते. घरावर तक्रार कशी करू?"

"खोडणार नाही. हवं तर देऊ नका."

त्यांनी कागदाची चार पदरी घडी घातली आणि गेजच्या खिशात ठेवली. तो कागद पूजेच्या दिवसापर्यंत तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. मॅनेजरने ती तेलुगूत सांगितली होती, 'अंदरू दंडम पेट्टाली', म्हणजे सर्वांनी नमस्कार करावा. मराठी कामगारांसाठी ती मराठीत करायचं काम ऑफिसातल्या शुभांगीकडे आलं. शुभांगी माझी विद्यार्थिनी, पाचवीपर्यंत. पुढे तिचं नाव तेलुगू शाळेत गेलं, कारण आमच्या शाळेत सहावीला ती एकटीच उरली होती. हुशार मुलगी. तिने 'दंडम'चं 'दंड' केलं. पुढे 'ठेवावा' लिहावं की 'द्यावा', यावर ती अडली. तेवढ्यात मोबाइलने स्वतःहून 'काढावेत' सुचवलं. मोबाइलचं मराठी आपल्यापेक्षा चांगलं असणार, असं समजून तिने तेच घेतलं. नोटीस अशी झाली:

'पूजेच्या दिवशी सर्व कामगारांनी मशीनसमोर दंड काढावेत. जे काढणार नाहीत त्यांना या सीझनला कामावर घेतले जाणार नाही.'

खाली मॅनेजरची सही, वर गोल शिक्का. मॅनेजरला मराठी वाचता येत नाही.

ती नोटीस विमलबाईंनी मोठ्याने वाचली. कचरा वेचणाऱ्या चाळीस बायांच्या त्या मुकादम. एका बाईने विचारलं, दंड म्हणजे ते पैलवान काढतात तेच का? विमलबाईंनी पुन्हा वाचलं. तेच होतं. त्या शुभांगीकडे गेल्या.

"शुभांगी, बायाइनंबी दंड काढाचे का वो? सायबाले इचारून सांग."

शुभांगीने आत जाऊन तेलुगूत विचारलं की बायकांनीही नमस्कार करायचा का. मॅनेजर म्हणाला, करायचाच, उलट बायकांनी आधी. शुभांगी बाहेर येऊन म्हणाली, "बायकांनी आधी."

विमलबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं त्या सांगतात. त्यांच्या बरोबरच्या बाया सांगतात, जेवल्या, पण बोलत बोलत.

अमृतरावांना तेलुगू बोलता येत नसलं तरी कळतं. दंडम म्हणजे काय ते त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी नोटीस तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"गुरुजी, पंथात दंड काढाले मनाई नाई."

"वयात आहे," मी म्हणालो. त्यांना सत्तावन्न झाली आहेत.

"सायबाच्या तोंडातलं येगळं असन. पन सही तं कागदावर हाय. कागद म्हनते दंड काढा. आपून काढू."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे त्यांच्या अंगणातून हुंकार ऐकू येऊ लागले. सोनाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "पाहा वो गुरुजी, काल दोन काढले आन् तिसऱ्याले तिथंच झोपले. म्या पानी आनलं त म्हनतात, मोजून राह्यलो."

"काय मोजताय?" मी विचारलं.

"छाती आन् जमीन यातली फट," अंगणातून आवाज आला.

पूजेच्या दिवशी मी तिथे नव्हतो. पुढचं मला विमलबाईंनी सांगितलं, शुभांगीने सांगितलं आणि जो व्हिडिओ पुढे कोणालाच पाठवला गेला नाही तोही मी पाहिला आहे.

मशीनला झेंडूचे हार घातले होते. समोर पिवळ्या टी-शर्टांची रांग. बायांनी टी-शर्ट लुगड्यावरून घातले होते. मॅनेजरने मोबाइल उंच धरला आणि म्हणाला, "पहले लेडीज."

विमलबाई पदर खोचून पुढे आल्या. "साहेब, आमच्यात कोनी पैलवान नाई. मी एक दंड काढला त मले उठवाले चौघी लागतीन. मंग त्या चौघीइचे दंड राह्यतीन."

मॅनेजरने शुभांगीला विचारलं, काय म्हणतात? शुभांगीलाही नीट कळलं नव्हतं. ती म्हणाली, लाजतात.

"मी काढतो," अमृतराव म्हणाले.

त्यांनी चष्मा, गेज आणि मोबाइल स्टुलावर ठेवला. मशीनसमोर आले. नोटिशीत तोंड कुठे करायचं ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी मशीनकडे पाठ आणि दाराकडे तोंड केलं. हात टेकले आणि सुरू केलं. पाचव्याला बाया मोजू लागल्या. आठव्याला ते थोडे थांबले, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री, आठातबी पूजा होते." त्यांनी मान हलवली. अकरा ठरवले होते, अकरा काढले. अकराव्याला छाती जमिनीला लागली. वर येताना वेळ लागला.

मॅनेजरने काय पाहिलं असेल, याचा विचार करा. जो माणूस हात जोडायला तयार नव्हता, तो अकरा वेळा जमिनीला भिडला. मशीनकडे पाठ आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याचे डोळे भरले. मोबाइल खाली ठेवून तो पुढे आला आणि त्याने अमृतरावांना खांद्याला धरून उभं केलं.

"मिस्त्रीजी, मैंने तो हाथ जोड़ने को बोला था. आपने तो साष्टांग कर दिया. वो भी ग्यारह."

आता विमलबाई म्हणतात ते खरं आहे. तिथे गप्प बसले असते तर काम झालं होतं. मॅनेजर खूश, नाव पहिलं चढलं असतं, कागदाचाही मान राहिला असता. आम्ही कोणी बोललो नसतो, असं त्या म्हणतात. अमृतराव दोन्ही हात कमरेवर ठेवून धापा टाकत होते. दम लागला म्हणून गप्प आहेत की विचार करून राह्यले, हे कोणाला कळलं नाही. मग ते म्हणाले,

"नहीं साहब. ये नमस्कार नहीं है. कसरत है."

"कसरत?"

"नोटीस में कसरत लिखा है. नीचे आपका सही है."

नोटीस शुभांगीने वाचली. मग हळूच विमलबाईंना विचारलं, "मावशी, दंड म्हणजे?" विमलबाईंनी दोन्ही हात पुढे करून, कमरेत थोडं वाकून दाखवलं. शुभांगीचा चेहरा टी-शर्टहून वेगळ्या रंगाचा झाला. तिने तेलुगूत साहेबांना सांगितलं. ते सांगताना ती 'चाळीस बायका' हे शब्द गिळायला बघत होती, पण मॅनेजरला मोजता येत होतं.

तो फळ्याकडे गेला आणि नोटीस ओढली. ती गोंदाने चिकटवलेली होती, त्यामुळे अर्धीच निघाली. 'दंड काढावेत' आणि सही एवढं फळ्यावर राहिलं. पुढचे आठ दिवस ते तसंच होतं.

"और दंडम?" त्याने परत येऊन विचारलं. आवाज बारीक होता. "हाथ जोड़ना?"

"वो नहीं होगा, साहब. खड़ा रहूँगा. बोलो तो बाहर खड़ा रहूँगा."

"बाद में देखेंगे," मॅनेजर म्हणाला.

अमृतराव काट्याजवळ जाऊन उभे राहिले. यंदा चहा नव्हता, डबाही नव्हता. आत आरती झाली, मशीन दुसऱ्या कोणीतरी चालू केलं. अमृतरावांनी बाहेरूनच कान दिला आणि काटेवाल्याला म्हणाले, तीन नंबरचा रोल घासून राह्यला, जाऊन सांग. तेवढ्यात रजिस्टर उघडलं. बायांची नावं चढली, रुईच्या गठाणी बांधणाऱ्यांची चढली. फिटरच्या ओळीशी मॅनेजर थांबला, पेनाचं टोपण लावलं आणि पान उलटलं.

हे अमृतरावांना विमलबाईंनीच येऊन सांगितलं. ते ऐकून वळायला गेले, तर पाठ धरली. धरली ती अशी की सायकल जिनवरच राहिली आणि बायांनी त्यांना ऑटोत आडवं घालून घरी पाठवलं.

मी भेटायला गेलो, तेव्हा सोनाबाई मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून पाठ शेकत होत्या.

"खरं बोलाले अकरा दंड काऊन लागतात वो?" त्या म्हणत होत्या. "तोंडानंच बोलाचं होतं त आदीच बोलाचं."

"आदीबी बोललोच होतो," अमृतराव उशीत तोंड घालून म्हणाले. मग मला म्हणाले, "गुरुजी, रजेचा अर्ज द्याव म्हनतो. तीन दिवसाचा."

"रजिस्टरात नाव नाही तर रजा कोण देणार?"

"तेच तं पाहाचं हाय. रजा देली म्हंजे नाव हाय. नाई देली म्हंजे समजलं. सायबाले तोंडावर इचारलं त त्याले नाई म्हनाले जड जाईन. कागदाले सोपं जाते."

सव्वीस वर्षांचा प्रश्न त्यांनी तीन दिवसांच्या रजेत घातला होता. घरात कोरा कागद नव्हता. खिशात माझा अर्ज होता, त्याच्या पाठीमागे त्यांनी पालथं पडून, स्वतःच्या अक्षरात लिहिलं:

'कंपनीच्या लेखी सूचनेनुसार दंड (नग अकरा) काढल्यामुळे पाठ धरली आहे. तरी तीन दिवसांची रजा मंजूर व्हावी. आपला नम्र, फिटर.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद विमलबाई घेऊन गेल्या. तो दिवस सोनाबाईंनी दाराशी बसून काढला. ज्वारी निवडत होत्या, पण सुपातले दाणे तिथल्या तिथे फिरत होते.

ऑफिसात काय झालं ते शुभांगीने सांगितलं. मॅनेजरने कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, वाच, पण या वेळी मोबाइलला विचारू नकोस. तिने रजेची बाजू वाचली. 'नग अकरा'ला तो हसला नाही, पण पेन खाली ठेवलं. मग त्याने कागद उलटला.

"हे काय?"

तिने तेही वाचलं. 'सक्ती' शब्दाशी ती थांबली, विचार केला आणि तेलुगूत 'बलवंतम' म्हणाली. ते बरोबर होतं. हातांच्या हक्काचं वाक्य त्याने दोनदा वाचायला लावलं. 'प्रत कामगार कार्यालयाकडे' हेही एकदा.

"कोणी लिहिलं?"

"माझ्या गुरुजींनी. मराठी शिकवायचे मला."

"तुला?" मॅनेजर म्हणाला, आणि फळ्यावरच्या अर्ध्या नोटिशीकडे बघितलं.

मग त्याने दारात उभ्या असलेल्या विमलबाईंना विचारलं की मोठे शेठ पूजेच्या दिवशी मिस्त्रीचं काय करायचे. विमलबाईंनी काट्याचं सांगितलं, चहाचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. त्याने ड्रॉवर उघडून शेठजींच्या वेळचा 'मंजूर'चा रबरी शिक्का काढला, शाई लावली आणि कागदावर मारला.

शुभांगी म्हणाली, "सर, रजेचा अर्ज दुसऱ्या बाजूला आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. कागद उलटला आणि तिकडेही मारला.

संध्याकाळी विमलबाई कागद घेऊन आल्या. त्यांच्याबरोबर निरोप होता की तीन नंबरचा रोल अजून घासतोय, चौथ्या दिवशी या. सायकल उद्या टेम्पोत येईल. आणि एक पुडा होता. त्यात पेढे.

"पूजेचे?" अमृतरावांनी विचारलं.

"पूजेचे संपले. हे सायबानं आज बाजारातून आनवले. तुमाले सांग म्हने, कोनालेच दाखोले नाई."

सोनाबाईंनी आधी कागद घेतला. त्यांना वाचता येत नाही, पण शिक्का ओळखता येतो. एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, मग पदराने सूप पुसलं आणि ज्वारी नीट निवडायला बसल्या.

अमृतराव कोपरावर थोडे उठले. गेजसाठी हात खिशाकडे गेला, मग नुसत्या डोळ्यांनीच बघितलं.

"तिरपा मारला शिक्का," ते म्हणाले. "दोनी बाजूनं."

"मंग उठा," सोनाबाई सुपातून वर न पाहता म्हणाल्या, "आन् सरळ करून आना."